शोळिंगनल्लूरचे स्पेलिंग : मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेचा भाषिक इतिहास

चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलिपुरम रस्त्यावर शोळिंगनल्लूर हे उपनगर आहे. एल्कॉटचे विशेष आर्थिक क्षेत्र, इन्फोसिस आणि विप्रोची विस्तीर्ण आवारे आणि सत्यभामा विद्यापीठ यांमुळे देशभरातील कुटुंबे येथे येऊन राहिली आहेत. या गावाचे नाव तमिळ लिपीत एकाच प्रकारे लिहिले जाते. रोमन लिपीत मात्र ते लिहिताना दोन ठिकाणी अडखळायला होते. पहिले तमिळ अक्षर 'च', 'स' आणि 'श' या तिन्ही उच्चारांसाठी वापरले जाते. त्यामुळे सुरुवात 'सीएच'ने करावी, 'एस'ने की 'एसएच'ने, हा पहिला प्रश्न. मधल्या व्यंजनाला रोमनमध्ये 'एल' लिहावे की 'झेडएच', हा दुसरा. 'तमिळ' या शब्दाच्या शेवटी येणारे व्यंजन ते हेच. देवनागरीत त्यासाठी 'ऴ' असे वेगळे अक्षर आहे, युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागाही आहे. मराठीत मात्र 'ळ' लिहूनच भागवले जाते.

तीन गुणिले दोन, म्हणजे एका गावाची सहा स्पेलिंगे. माणूस ती सहाही क्षणात ओळखतो. संगणकासाठी मात्र ते सहा वेगवेगळे शब्द असतात. मुलांना इंटरनेटवर सुरक्षित ठेवण्यासाठी गेल्या तीन दशकांत जी साधने तयार झाली, त्यांपैकी काही भारतात सहज रुजली आणि काही दाराशीच थांबली. असे का झाले, याचे उत्तर या सहा स्पेलिंगांत बऱ्याच अंशी दडलेले आहे.

चित्राला भाषा नसते

इंटरनेटवरील बालशोषणाविरुद्धच्या संस्थात्मक प्रयत्नांना १९९०च्या दशकात आकार आला. १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये इंटरनेट वॉच फाउंडेशन स्थापन झाले. १९९८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉयटेड चिल्ड्रन या संस्थेने 'सायबर टिपलाइन' सुरू केली. सुरुवातीला ही सारी व्यवस्था माणसांनी केलेल्या तक्रारींवर अवलंबून होती. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथ कॉलेजमधील संगणकशास्त्रज्ञ हानी फरीद यांनी 'फोटोडीएनए' हे तंत्र विकसित केले आणि चित्र दुरुस्त झाले.

या तंत्रामागची कल्पना सुबोध आहे. छायाचित्र प्रथम करड्या छटांत आणून ठरावीक आकाराचे केले जाते. मग त्याचे लहान चौकोनांत विभाजन होते आणि प्रत्येक चौकोनात उजेड-अंधार कसा बदलतो हे मोजले जाते. या मोजमापांतून आकड्यांची एक माळ तयार होते. छायाचित्राचा आकार बदलला किंवा रंग थोडे फिके केले तरी ही माळ फारशी बदलत नाही. पूर्वी सापडलेल्या गुन्हेगारी छायाचित्रांच्या माळांशी ती जुळली की इशारा मिळतो. छायाचित्रात काय आहे, ते कोठे काढले, सोबत कोणत्या भाषेत काय लिहिले आहे, यांपैकी काहीही या तंत्राला समजावे लागत नाही. म्हणूनच ते सीमा सहज ओलांडू शकले.

भारतात ही साखळी २०१९ मध्ये जोडली गेली. त्या वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने अमेरिकी संस्थेशी करार केला आणि टिपलाइनचे भारतासंबंधीचे अहवाल दिल्लीत येऊन तेथून राज्यांच्या पोलिसांकडे जाऊ लागले. चेन्नईच्याच अंबत्तूर भागात जानेवारी २०२० मध्ये अशा एका अहवालावरून गुन्हा नोंदवला गेला. मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये ती कारवाई रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जमशेद पारडीवाला यांच्या पीठाने याच निकालात एका शब्दाबद्दलही आदेश दिला. 'चाइल्ड पोर्नोग्राफी' ही संज्ञा न्यायालयांनी यापुढे वापरू नये आणि त्याऐवजी 'मुलांच्या लैंगिक शोषणाची व अत्याचाराची सामग्री' अशा अर्थाची संज्ञा योजावी, असे पीठाने सांगितले. पहिल्या संज्ञेत संमतीची छटा येते आणि अत्याचार झाकला जातो. मराठी बातम्यांत आजही सर्रास दिसणारा 'अश्लील चित्रफीत' हा शब्दप्रयोग याच अंगाने तपासायला हवा. त्यातून गुन्हा पाहणाऱ्याच्या सभ्यतेविरुद्ध घडल्यासारखा वाटतो, आणि मूल वाक्यातून नाहीसे होते.

ज्या तंत्राला भाषा लागत नव्हती, त्याचा प्रवासही अखेर एका शब्दापाशी येऊन ठेपला.

शब्दांपाशी अडलेले यंत्र

फोटोडीएनए आधी नोंदवलेले छायाचित्र ओळखते. परंतु अत्याचाराची सुरुवात बहुधा संवादातून होते. अनोळखी प्रौढ व्यक्ती मुलाशी मैत्री करते, विश्वास मिळवते, गुपिते ठेवायला शिकवते आणि हळूहळू त्याला घरच्यांपासून तोडते. या प्रक्रियेला इंग्रजीत 'ग्रूमिंग' म्हणतात. संशोधक रेचल ओ'कॉनेल यांनी २००३ मध्ये तिचे टप्पे मांडले. त्यांतील एक टप्पा धोक्याच्या चाचपणीचा: संगणक घरात कोठे आहे, तो आणखी कोण वापरते, पालक जवळपास आहेत का, असे प्रश्न त्यात येतात.

हे टप्पे यंत्राला शिकवण्याचा महत्त्वाचा सामूहिक प्रयत्न २०१२ मध्ये 'पॅन' या संशोधन स्पर्धेत झाला. हजारो संवादांतून शोषक व्यक्ती ओळखून दाखवायची, असे आव्हान होते. पण ते संवाद इंग्रजी होते. शिवाय त्यांतील शोषकांचे संवाद अमेरिकेतील एका स्वयंसेवी गटाने जमवलेले होते, आणि त्यांत मुलांच्या जागी मुले असल्याचे भासवणारे प्रौढ स्वयंसेवक होते. खऱ्या मुलांचे असे संवाद मिळवणे कायद्याने आणि नीतीनेही कठीण असल्यामुळे संशोधकांना दुसरा मार्ग क्वचितच होता. परिणाम असा, की या क्षेत्रातील पायाभूत सामग्रीत ना भारतीय भाषा होती, ना खरे मूल. पुढे जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने 'प्रोजेक्ट आर्टेमिस' हे संवाद तपासणारे तंत्र जाहीर केले आणि ते इतर कंपन्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम 'थॉर्न' या संस्थेकडे दिले. उद्देश स्तुत्य होता. पण अशा यंत्राला ज्या भाषेचे उदाहरण मिळालेले नाही, त्या भाषेत ते जवळजवळ बहिरे असते.

ओ'कॉनेल यांच्या प्रश्नावलीकडेच पाहिले तर हा बहिरेपणा कोठून येतो ते कळते. भारतातील असंख्य घरांत मुलाचा स्वतःचा संगणक नसतो. शाळा बंद असताना वर्ग भरले ते आईच्या किंवा मोठ्या भावाच्या मोबाइलवर. त्यामुळे येथे चाचपणीचा प्रश्न 'संगणक कोठे आहे' असा न येता 'हा फोन कोणाचा', 'बाबा किती वाजता परततात', 'चॅट पुसतोस ना' अशा रूपांत येईल. धोका तोच, शब्द सर्वस्वी वेगळे.

रोमन लिपीतले तमिळ, रोमन लिपीतली मराठी

भारतीय मुले मातृभाषेत लिहीत नाहीत, असे अनेकदा म्हटले जाते. खरे तर ती मातृभाषेतच लिहितात, फक्त लिपी बहुधा रोमन असते. या सवयीला तांत्रिक इतिहास आहे. मोबाइलच्या एका एसएमएसमध्ये रोमन लिपीतील १६० अक्षरे मावत. देवनागरी किंवा तमिळ लिपीत लिहिले की मर्यादा ७० वर येई. कळफलकांचीही दीर्घकाळ एकवाक्यता नव्हती. तमिळसाठी प्रमाण कळफलक ठरला तो १९९९ मध्ये चेन्नईत झालेल्या 'तमिळनेट ९९' परिषदेतून. तोवर रोमन लिपीची सवय रुजू लागली होती, आणि स्मार्टफोन आल्यावरही ती टिकली.

या सवयीची किंमत यंत्राला मोजावी लागते. तमिळमध्ये सौंदर्याला 'अळगु' म्हणतात. त्यातही शोळिंगनल्लूरमधलेच व्यंजन आहे. शिवाय तमिळ लिपीत 'क' आणि 'ग' यांना एकच अक्षर असल्याने या शब्दाची रोमनमध्ये सहज चार स्पेलिंगे होतात. मराठीत उलटी अडचण दिसते. रोमनमध्ये 'के-ए-एल' लिहिले तर ते काल, काळ, कळ आणि कल यांपैकी काहीही असू शकते. त्यातच एका वाक्यात दोन-तीन भाषा मिसळतात. शोळिंगनल्लूरमध्ये वाढणारे मराठी मूल घरी मराठी, खेळताना तमिळ आणि शाळेत इंग्रजी बोलत असेल, तर त्याच्या एका संदेशात या तिन्ही भाषा एकाच लिपीत येणे स्वाभाविक आहे.

गेल्या काही वर्षांत भारतीय संशोधकांनी हे मैदान मापायला घेतले आहे. 'द्राविडियन कोडमिक्स' या संग्रहात यूट्यूबवरील ६०,००० हून अधिक मिश्रभाषिक प्रतिक्रिया तपासून त्यांवर खुणा करण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे ४४,००० तमिळ-इंग्रजी आहेत. शोळिंगनल्लूरच्या पुढे, त्याच रस्त्यावरील कळवाक्कम येथील एसएसएन अभियांत्रिकी महाविद्यालयातील गटही द्राविडी भाषांवरील अशा कामात सक्रिय राहिला आहे. मराठीसाठी २०२१ मध्ये 'मोल्ड' हा सुमारे २,५०० ट्वीटचा संग्रह आला. हिंदी, बंगाली आणि इंग्रजीत शिकलेले यंत्र मराठीला कितपत लागू पडते, हे त्यावर तपासले गेले. २०२२ मध्ये पुण्याच्या 'एल-थ्री-क्यूब' गटाने २५,००० ट्वीटचा 'महाहेट' संग्रह प्रसिद्ध केला. आयआयटी मद्रासमधील 'एआय-फोर-भारत' गटाने २०२३ मध्ये २२ भारतीय भाषा मूळ लिपीत तसेच रोमन लिपीतही ओळखण्याचे साधन सादर केले. संदेश कोणत्या भाषेत आहे हे कळणे, ही पुढच्या प्रत्येक पायरीची पूर्वअट आहे.

मात्र हे सारे संग्रह द्वेषाचे आणि शिवीगाळीचे आहेत. ग्रूमिंगची अडचण नेमकी उलट असते. तेथे शिवी नसते; तेथे अतिशय गोड भाषा असते.

'तू' आणि 'तुम्ही'

गोड भाषेचा अर्थ तर संस्कृतीवाचून लागतच नाही. चेन्नईत शेजारची आजी मुलाला 'कण्णा', 'चेल्लम' म्हणते. मराठी घरात तेच काम 'सोन्या', 'राजा', 'पिल्लू' करतात. अनोळखी पुरुषाला 'अण्णा' आणि स्त्रीला 'अक्का' म्हणणे ही तमिळमध्ये साधी सभ्यता आहे, आणि हे दोन्ही शब्द मराठीलाही परके नाहीत. अशा संवादांचे इंग्रजी भाषांतर करून ते इंग्रजी यंत्रापुढे ठेवले, तर मायेची हाक संशयास्पद ठरू शकते. एखादी अनोळखी व्यक्ती मात्र 'मामा' या नात्याच्या आड सहज लपू शकते.

भाषांतरात याहून मोठी गोष्ट हरवते. मराठीत 'तू' आणि 'तुम्ही', तमिळमध्ये 'नी' आणि 'नींगळ' असा भेद आहे. प्रौढ व्यक्तीने मुलाला 'तू' म्हणणे नेहमीचेच. पण परक्या प्रौढाला 'तुम्ही' म्हणणारे मूल काही दिवसांनी त्यालाच 'तू' म्हणू लागले, तर नात्यातील अंतर कोणीतरी प्रयत्नपूर्वक पुसल्याची ती खूण असू शकते. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द आहे. म्हणजे इंग्रजी यंत्राकडे जी खूण कधीच नव्हती, ती भारतीय भाषांकडे आहे. भाषा हा येथे अडथळा न राहता मोजमापाचे साधन होऊ शकते.

सुरक्षेच्या सूचनांचेही असेच आहे. 'अनोळखी व्यक्तीला तू मुलगा की मुलगी हे सांगू नकोस', ही सूचना इंग्रजीत पाळता येते. तमिळमध्येही प्रथमपुरुषी क्रियापदावरून लिंग कळत नाही. मराठी मूल मात्र 'मी आले' किंवा 'मी आलो' एवढे लिहिताच ते सांगून बसते. आणि स्वतःचे पूर्ण नाव लिहिताना वडिलांचे नाव व आडनाव ओघानेच येते. इंग्रजी पत्रकाचे बिनचूक मराठी भाषांतर झाले, तरी ते मराठी मुलाला उपयोगी पडेलच असे नाही.

दस-नौ-आठ

भारताला हे अजिबात ठाऊक नव्हते असे नाही. ब्रिटनमध्ये इंटरनेट वॉच फाउंडेशन उभे राहिले त्याच वर्षी, १९९६ मध्ये, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने चाइल्डलाइन सुरू झाली. तिचा १०९८ हा क्रमांक 'दस-नौ-आठ' असा, उलट्या मोजणीसारखा उच्चारला गेला. रस्त्यावरच्या, अक्षरओळख नसलेल्या मुलाच्याही तोंडात तो बसला. मुलाच्या जिभेवर काय टिकेल, हा विचार तेथे प्रथम झाला.

हीच दृष्टी पुढे कायद्यातही उतरली. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आलेल्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ सांगते, की मुलाने दिलेली माहिती त्याला समजेल अशा सोप्या भाषेत नोंदवावी आणि गरज पडल्यास दुभाषी द्यावा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने सुरू केलेल्या 'पॉक्सो ई-बॉक्स'मध्ये मुलांना चित्रे निवडून आपली अडचण दाखवता येऊ लागली. जे सांगायला शब्द नसतात, ते चित्रावर बोट ठेवून सांगता येते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईच्या 'प्रेरणा' संस्थेच्या 'आरंभ' उपक्रमाने इंटरनेट वॉच फाउंडेशनच्या साहाय्याने भारतासाठी तक्रार नोंदवण्याची सोय केली.

चेन्नईचा वाटाही लक्षणीय आहे. २००४ मध्ये तेथे स्थापन झालेल्या 'तुळिर' या संस्थेने शहरातील २,२११ शाळकरी मुलांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ४२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव नोंदवला; मुलग्यांमध्ये हे प्रमाण ४८ टक्के आणि मुलींमध्ये ३९ टक्के होते. 'मुलग्यांना काय होते' या समजुतीला त्या आकड्यांनी तडा दिला. आज एखादे साधन केवळ मुलींना उद्देशून धोक्याची सूचना देत असेल, तर त्यामागे तीच जुनी समजूत असते.

अलीकडच्या 'उळी' या साधनाचा उल्लेखही येथे हवा. 'उळी' म्हणजे तमिळमध्ये छिन्नी. टॅटल आणि सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी यांनी ते हिंदी, तमिळ आणि भारतीय इंग्रजीसाठी घडवले. ते मुलांसाठी नाही, स्त्रियांवरील ऑनलाइन हिंसेसाठी आहे. पण त्याची पद्धत अनुकरणीय आहे. कोणता मजकूर इजा करतो हे ठरवण्याचे काम ती इजा सोसलेल्या आणि त्या क्षेत्रात काम करणाऱ्या व्यक्तींकडे सोपवले गेले.

चुकीच्या इशाऱ्याचे गणित

साधन दुसऱ्या भाषेत नेताना काय पणाला लागते, हे एका काल्पनिक गणितावरून स्पष्ट होईल. समजा, १,००,००० संवादांपैकी १० खरोखर धोकादायक आहेत. यंत्र त्यांतील ९ पकडते आणि निरुपद्रवी संवादांपैकी फक्त १ टक्क्याला चुकून धोकादायक ठरवते. ऐकायला हे उत्तम वाटते. प्रत्यक्षात इशारे मिळतील सुमारे १,००९, आणि त्यांतील खरे केवळ ९. उरलेल्या हजारांत कोणाची आजी असेल, कोणाचा शिक्षक. आता हेच यंत्र अंशांकन न करता रोमन लिपीतल्या तमिळवर चालवले आणि त्याची पकड ९ वरून ४ वर आली, चूक १ टक्क्यावरून ३ टक्क्यांवर गेली, तर इशारे तीन हजारांवर जातील आणि सहा मुले निसटतील. ती सहा मुले कोणत्याही अहवालात दिसणार नाहीत, कारण न वाजलेल्या घंटेची नोंद होत नाही.

म्हणून 'हे साधन मराठीत उपलब्ध आहे' या वाक्याला शास्त्रीय अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा मराठीत ते किती वेळा चुकते हेही सांगितले जाते. प्रयोगशाळेतील कोणतेही उपकरण नव्या परिस्थितीत नेले की त्याचे अंशांकन पुन्हा केले जाते. प्रत्येक भाषेसाठी, आणि तिच्या रोमन रूपासाठी स्वतंत्रपणे, चुकीचे प्रमाण मोजून जाहीर करणे हे तितकेच प्राथमिक काम आहे. यासाठी मुलांचे खासगी संवाद गोळा करत सुटणे हा मार्ग नव्हे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास मर्यादा घातल्या आहेत आणि त्या योग्यच आहेत. समुपदेशक, हेल्पलाइनवरील कार्यकर्ते, शिक्षक आणि मोठी झालेली मुले यांच्याकडे या भाषेचे ज्ञान आहे. ते साधन तयार झाल्यावर केवळ भाषांतर तपासण्यासाठी त्यांना बोलावणे पुरेसे नाही. साधनाची पहिली शब्दसूची ठरते, तेव्हाच ते उपस्थित असायला हवेत.

'दस-नौ-आठ' ठरवणाऱ्यांकडे यंत्र नव्हते, पण कोणाशी बोलायचे आहे हे त्यांना ठाऊक होते. आज यंत्रे आहेत, संग्रह आहेत, चेन्नईपासून पुण्यापर्यंत कुशल संशोधकही आहेत. उद्या शोळिंगनल्लूरमधल्या एखाद्या मुलाने रात्री उशिरा, तीन भाषा मिसळून आणि स्वतःच्याच स्पेलिंगमध्ये 'मला भीती वाटते' असे लिहिले, तर ते वाचता येणे हीच या साऱ्या विज्ञानाची खरी कसोटी ठरेल.

#विज्ञानाचा_इतिहास #बालसुरक्षा #भारतीय_भाषा